ओट्यावरची उगराणी

पत्र : मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतो. मकरपुरा जीआयडीसीत सुपरवायझर होतो. मागच्या वर्षी बायकोच्या ऑपरेशनसाठी एका बँकेचं पर्सनल लोन घेतलं, वरचा खर्च त्याच बँकेच्या कार्डावर टाकला. मग नोकरी गेली. दुसरी लागली, पण पगार ३४ हजारांचा २६ हजार झाला. पाच हप्ते थकलेत. लोनचे १ लाख ७२ हजार आणि कार्डाचे १ लाख १८ हजार दाखवतात. रात्री पावणेदहाला फोन येतात, ऑफिसात येतात, नाशिकला ताईच्या सासरीसुद्धा केला. गेल्या गुरुवारी संध्याकाळी दोन पोरं वाड्याच्या ओट्यावर उभी राहून ‘पैसा खाईने बेठा छे’ म्हणून ओरडली. आई वाल सोलत बसली होती, तिने मान वर केली नाही. आता व्हॉट्सॲपवर आलंय की कार्डाचं सगळं ५५ हजारांत सेटल करतो, आज रात्रीपर्यंत २० हजार या नंबरवर टाका, नाहीतर पोलीस येतील. आईच्या पाटल्या मोडू का? शेजारचे एक जण पाच टक्क्यांनी द्यायला तयार आहेत. आईला काय सांगू?

उत्तर : आधी त्या ‘आज रात्री’चं. वीस हजार टाकू नका. हे उत्तर छापून तुमच्या हाती पडेपर्यंत ती रात्र केव्हाच उलटलेली असेल, पोलीस आलेले नसतील, आणि बहुधा नवी ‘आज रात्र’ मोबाइलवर येऊन पडलेली असेल. वसुलीच्या धंद्यात आज रात्र रोज असते. पैसे आणणाऱ्याला आणलेल्या रकमेवर कमिशन मिळतं, महिनाअखेरीला त्याचा आकडा भरायचा असतो. घाई त्याची आहे, ती तुम्ही अंगावर घेऊ नका.

मी हे सांगू शकतो, कारण बँकेतली अकरा वर्षं मी वसुली खात्यात काढली, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसलो होतो. त्याचा फार अभिमान नाही. तेव्हा एजन्सीच्या एका पोराला मी विचारलं होतं, अरे, वर जाऊन बेल का वाजवत नाहीस, खालून हाका कशाला मारतोस? तो म्हणाला, “काका, बेल वाजवली तर एकच माणूस दार उघडतो.”

तुमच्या दोन्ही कर्जांना कागदावर बिनतारणी म्हणतात. घर नाही, गाडी नाही, सोनं नाही, बँकेकडे गहाण काहीच नाही. मग उचलायचं काय? तर तुमची लाज. ताईच्या सासरचा फोन, ऑफिसातला फोन, ओट्यावरचा आरडाओरडा, हे सगळं त्या एकाच तारणावर टाच आणणं आहे. आपल्याकडे जुन्या मराठीत याला उगराणी म्हणत, गुजरातीत अजून उघराणीच म्हणतात, आणि ओट्यावर उभं राहून ती करायची रीत बँकांच्या आधीची आहे. फरक इतकाच की आता तिला नियम आहेत, आणि ते तुमच्या बाजूचे आहेत.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बँकांना स्पष्ट बजावलं आहे : थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, दमदाटी नाही. चारचौघांत अपमान नाही. घरचे, मित्र, अर्जात ‘रेफरन्स’ म्हणून लिहिलेली माणसं यांच्या आयुष्यात ढवळाढवळ नाही. एकसारखे फोन नाहीत, निनावी धमक्या नाहीत. आणि वसुलीवाला एजन्सीचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच. तुमच्या ताईचा नंबर त्यांना कुठून मिळाला असेल असा प्रश्न पडला असेल. अर्जावरच्या रेफरन्सच्या रकान्यात तुम्हीच लिहिला असणार. सगळेच लिहितात. तो पत्ता शोधायला विचारतात, छळायला नव्हे.

म्हणजे तुमच्या एका पत्रात चार नियम मोडलेले आहेत. पण तोंडी भांडून त्याचा उपयोग नाही, कागद करा. एका वहीत तारीख, वेळ, कुठल्या नंबरवरून, काय बोलले हे लिहीत जा. कॉल रेकॉर्ड होत असतील तर ठेवा, मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा. ताईला सांगा, तिच्याकडे आलेल्या फोनची वेळ तिने कळवावी. मग बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. त्याचा पत्ता बँकेच्या वेबसाइटवर असतो. भाषा साधी :

‘माझं लोन खातं आणि कार्ड थकलं आहे, नोकरी गेल्यामुळे. फेडायची इच्छा आहे. अमुक तारखेला रात्री ९.४५ला, अमुक तारखेला माझ्या बहिणीच्या सासरी फोन आला, अमुक तारखेला दोन माणसांनी घराबाहेर आरडाओरडा केला. त्यांनी ओळखपत्र दाखवलं नाही. माझ्या खात्यावर कुठली एजन्सी नेमली आहे ते लेखी कळवा. यापुढे माझ्याशी फक्त माझ्या नंबरवर, ठरलेल्या वेळेत बोला. मुद्दल, व्याज आणि दंड वेगवेगळे दाखवणारा हिशेब पाठवा.’

कुणी तुम्हाला सांगेल की थकबाकी लेखी कबूल करू नका, बँकेला दावा लावायची तीन वर्षांची मुदत नव्याने सुरू होते. जुन्या, विसरून गेलेल्या कर्जाला ते लागू आहे. तुमचं पाच महिने थकलेलं कर्ज आहे, मुदतीची वाट बघत बसायचं वय त्याचं नाही. बिनधास्त लिहा.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार ऑनलाइन करता येते. फी नाही, वकील लागत नाही. अडलं तर १४४४८ हा त्यांचा टोल फ्री नंबर. लोकपाल कर्ज माफ करणार नाही, ती अपेक्षा ठेवू नका. पण अशी तक्रार गेली की बँकेच्या आत काय होतं ते मी पाहिलेलं आहे. तोवर कुणी वाचत नव्हतं ती फाइल एकदम चार टेबलांवर फिरते, आणि ओट्यावर येणारी पोरं दुसऱ्या गल्लीत पाठवली जातात.

ती पुन्हा आलीच, तर ओट्यावरच उभी ठेवा. घरात घ्यायचं बंधन नाही. ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, दोन्हींचा फोटो काढा, नाव वहीत लिहा. पाणी मागितलं तर द्या, उन्हातान्हात फिरणारी पगारी पोरं आहेत ती. रोख एक रुपया देऊ नका. आवाज चढला तर ११२ फिरवा, त्यांच्या समोर.

आणि एक वाक्य तुम्ही तोंडातून काढू नका : ‘सोमवारी नक्की टाकतो.’ आम्ही वसुलीवाले थकवणाऱ्यावर रागावत नसू, खोट्या तारखा देणाऱ्यावर रागावत असू. ‘लेखी द्या, मीही लेखी देतो’ एवढंच बोलायचं आणि फोन ठेवायचा. नंबर बदलू नका, दाराला कुलूप लावून आत बसू नका.

आता पोलीस. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. व्हॉट्सॲपवर ‘अरेस्ट वॉरंट’ म्हणून अशोकस्तंभ छापलेली जी चित्रं येतात, ती घरच्या प्रिंटरची कला असते. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली या गावात बँक काढली, तेव्हापासून आपल्या आजोबा-पणजोबांना बँकेचा कागद म्हणजे दरबारचा हुकूम वाटत आला, आणि ती भीती आपल्यातही थोडी उतरली आहे.

पण एक कोपरा फौजदारी आहे आणि तो झाकून सल्ला देणं बरोबर नाही. तुम्ही बँकेला चेक दिले असतील आणि ते परत गेले असतील, तर कलम १३८ लागू शकतं. हप्ता खात्यातून आपोआप वळता होत असेल आणि तो बाउन्स झाला, तर पेमेंट सिस्टिम्सच्या २००७च्या कायद्यात तसंच कलम २५ आहे. त्याची रीत ठरलेली आहे : आधी लेखी नोटीस येते, ती मिळाल्यापासून १५ दिवस पैसे भरायला मिळतात, त्यानंतरच केस. म्हणून पोस्टमनला कधी परत पाठवू नका. रजिस्टर आलं तर घ्या, फोडा, तारीख टाका, आणि वकिलाला दाखवा. कोर्टाचं समन्स आलं तर जा. माणूस तारखेला गेलाच नाही की खरं वॉरंट निघतं, कर्जामुळे नव्हे, गैरहजेरीमुळे.

लोक अदालतीची नोटीस आली तर मात्र घाबरण्याऐवजी जरा बरं वाटू द्या. दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात ती भरते, बँकेचे अधिकारी तडजोडीचे आकडे घेऊनच बसलेले असतात, कोर्ट फी नाही. तिथे झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, आणि त्यावर अपील नाही. म्हणून झेपेल त्याच आकड्याला हो म्हणा. नाही पटलं तर उठून या, कुणी अडवत नाही.

‘जप्ती आणू’ असंही ते म्हणाले असतील. जप्ती कोर्टाच्या हुकूमनाम्यानंतर, त्याआधी नाही. आणि तेव्हाही दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० बघा : घरातले नेसायचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. धर्माच्या रीतीने बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र, त्यालाही नाही. पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. तुमच्या २६ हजारांत जास्तीत जास्त ८,३३३ रुपये जातील, तेही खटला हरल्यावर. प्रॉव्हिडंट फंडाला धक्का नाही. आई जामीन नसेल, कर्जाच्या कागदावर तिची सही नसेल, तर तिच्या पाटल्यांशी बँकेचा काडीचा संबंध नाही.

जाता जाता : पगाराचं खातं त्याच बँकेत असेल तर आधी दुसऱ्या बँकेत उघडा. आपल्याच बँकेतल्या खात्यातून थकबाकी वळती करून घ्यायचा हक्क बँका वापरतात, आणि ते महिन्याच्या एक तारखेला समजतं. ऑफिसातल्या साहेबांनाही तुम्हीच आधी सांगा, दोन वाक्यांत. मग तिथे येणाऱ्या फोनमध्ये सांगण्यासारखं काही उरत नाही.

आता हिशेब, आणि इथे जरा बसून घ्या. तुम्ही घरखर्च लिहिलेला नाही. वाड्यात भाडं नाही असं धरून, शाळा-औषधं-किराणा मिळून २०,५०० म्हणू. उरतात ५,५००. बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ४२. तुमच्या १ लाख १८ हजारांवर ते महिन्याला ४,१३० होतं, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ७४३. साडेपाच हजारांतले जवळपास ४,९०० नुसतं व्याज भागवण्यात जातील आणि वर्षभराने कार्ड साधारण होतं तिथेच असेल. ‘मिनिमम भरत राहा’ हा सल्ला देणाऱ्याने ही बेरीज कधी केलेली नसते.

म्हणून दोन कर्जांना दोन वेगळ्या रस्त्यांनी न्या. लोन मोडू नका, लांबवा. बँकेकडे लेखी मागा की उरलेली रक्कम जास्त मुदतीत बांधून द्या. १५ टक्के दर धरला तर १ लाख ७२ हजारांचा चार वर्षांचा हप्ता साधारण ४,८०० बसतो. तुम्हाला तो झेपतो. असं करून द्यायचं बँकेवर बंधन नाही, पण दर महिन्याला येणारे ४,८०० आणि न येणारा जुना हप्ता यांतलं काय बरं ते बँकेलाही कळतं. आकडे लिहून, पगाराची स्लिप जोडून मागितलं तर बरेचदा मिळतं. लोनच्या हिशेबात दंड किती लावलाय तेही तपासा. एप्रिल २०२४पासून कर्जावर दंडव्याज लावता येत नाही, ठरावीक दंड लावता येतो, पण त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. कार्डाला मात्र हा नियम लागू नाही.

कार्ड हे सेटल करायचं कर्ज. ५५ हजारांचा आकडा खोटा असेलच असं नाही, पाच महिने थकलेल्या कार्डावर बँका खरोखर खाली येतात. खोटं आहे ते ‘या नंबरवर टाका’. तो नंबर एजन्सीच्या पोराचा असेल, नाहीतर एजन्सीशीही संबंध नसलेल्या कुणाचा. वीस हजार गेले, कार्डाच्या खात्यात जमाच झाले नाहीत, आणि महिन्याभराने नवी एजन्सी पूर्ण रक्कम मागत आली, असं रडत आलेले लोक मी समोर बसवले आहेत. एकाच्या हातात पावती होती. वहीच्या पानावरची.

सेटलमेंट म्हणजे बँकेच्या लेटरहेडवरचं पत्र. त्यात तुमचं नाव, कार्डाचा नंबर, ठरलेली रक्कम, भरायच्या तारखा, आणि ही रक्कम भरल्यावर उरलेलं सगळं सोडलं, पुढे काही मागणं नाही, हे स्वच्छ लिहिलेलं हवं. पत्र शाखेत किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलला पाठवून खरं करून घ्या. पैसे तुमच्या खात्यातून थेट कार्डाच्या खात्यात. त्यानंतर ‘नो ड्यूज’चा दाखला मागा आणि तो मुलाच्या जन्मदाखल्यासोबत ठेवा, कारण चार वर्षांनी कुणीतरी पुन्हा फोन करतं.

पहिला आकडा शेवटचा नसतो. हिशेब आला की त्यात तुम्ही प्रत्यक्ष किती खर्च केला होता ते बघा, आणि बोलणी त्या रकमेपासून सुरू करा, १ लाख १८ हजारांपासून नाही. मार्चअखेर किंवा तिमाहीचा शेवटचा आठवडा बरा, आमचे साहेब तेव्हा फारच दयाळू होत. हप्त्यांत मागू नका. सेटलमेंटचा एक हप्ता चुकला की करार मोडतो आणि सूट परत चढते.

याची किंमत आहे. सिबिलवर ते खातं ‘क्लोज्ड’ नव्हे, ‘सेटल्ड’ दिसेल, आणि वर्षानुवर्षं दिसत राहील. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३च्या नियमांनुसार तीच बँक तुम्हाला निदान बारा महिने नवं कर्ज देणार नाही. तुमच्या सध्याच्या स्थितीत ती बँक बारा महिने तुम्हाला कर्ज देणार नाही ही बातमी मला तरी वाईट वाटत नाही.

शेजारच्या पाच टक्केवाल्यांना नमस्कार करा आणि पुढे चला. पाच टक्के महिन्याला, म्हणजे वर्षाला साठ. कार्डाच्या ४२मधून बाहेर पडून साठात उडी. तो कोरे चेक सही करून घेईल, आणि मग वर सांगितलेलं कलम १३८ त्याच्या खिशात. त्याच्याकडे लोकपाल नाही, सकाळी आठ ते संध्याकाळी सात नाही. परवान्याशिवाय सावकारी करणं गुजरातच्या २०११च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि जानेवारी २०२३मध्ये राज्यभर पोलिसांनी लोकदरबार भरवून व्याजखोरांच्या तक्रारी घेतल्या, त्या उगीच नव्हे. शेजारी आहे म्हणून सौम्य असेल असं समजू नका. त्याला तर ओट्यापर्यंत यायचीही गरज नाही.

राहिल्या पाटल्या. हप्ते भरायला पाटल्या मोडू नका. पाच हप्ते भरून सहाव्याला पुन्हा तिथेच याल, आणि तेव्हा पाटल्या नसतील. बँकेचं पत्र हातात आलं, आकडा ठरला, एकदाच भरून कार्ड कायमचं मिटणार असेल, तेवढ्यासाठीच सोन्याचा विचार. तेव्हाही आधी मोडायचं नाही. बँकेत सोनेतारण कर्ज कार्डाच्या साधारण चौथाई दराने मिळतं. एखादीच पाटली ठेवून काम भागत असेल तर बाकीच्या हातात राहू द्या. ५५ हजारांवर दहा टक्क्यांनी महिन्याला साडेचारशेच्या आसपास व्याज, ते तुमच्या उरलेल्या सातशेत बसतं, आणि दिवाळीच्या बोनसला मुद्दल उतरवता येतं.

पण हे सगळं तिला विचारून. ‘आईला काय सांगू’ असं तुम्ही विचारता तेव्हा तुम्हाला वाटतंय की तिला माहीत नाही. गुरुवारी ती दोन पोरं ओट्यावर ओरडत होती, शेजारच्या खिडक्या उघडल्या असतील, आणि ती मान खाली घालून वाल सोलत राहिली. हो, ऐकू येतं तिला. तुम्ही बोलाल म्हणून ती थांबली आहे, आणि तुम्ही तिला धक्का बसेल म्हणून थांबला आहात, असं दोघं एका घरात किती दिवस काढणार? आज जेवण झाल्यावर दोन्ही कर्जांचे आकडे एका कागदावर लिहा आणि तो कागद तिच्यासमोर ठेवा. बायकोलाही बसवा, ऑपरेशन तिचं होतं, तिला मनातून फार लागत असणार. पाटल्यांचा विषय तुम्ही काढू नका. आकडे वाचून झाल्यावर तीच काढेल, आणि तेव्हा तिला सोनेतारणाचं सांगा.

ईमेल उद्याच पाठवा. बँकेचं सेटलमेंटचं पत्र आलं की सही करण्याआधी त्यावरचा मजकूर आणि आकडा मला कळवा. कार्डाचा नंबर खोडून.